गोळी पोटात गेली, पुढे काय? – औषधाचा शरीरातला प्रवास



फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यात आपल्या शाळांत, अंगणवाड्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो. पोरांना ओळीत बसवून आपण अल्बेन्डाझोलची गोळी देतो. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यापुढे १९ वर्षांपर्यंत पूर्ण ४०० मिलिग्रॅमची. "चावून खा रे, गिळू नको," असं दहादा सांगतो, रजिस्टरवर खूण करतो आणि मोकळे होतो. पण एखादं चुणचुणीत लेकरू विचारतंच, "सर, गोळीला जंत कसे सापडतात? आणि काम झाल्यावर गोळी जाते कुठं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर नीट समजलं तर घरातल्या औषधांच्या अनेक चुका टळतात. काही वेळा तर जीवही वाचतो. म्हणून आज हा पाठ.

प्रवासाचे चार टप्पे

कोणतंही औषध शरीरात गेलं की त्याचे चार टप्पे असतात. पहिला शोषण, म्हणजे आतड्यातून रक्तात उतरणं. दुसरा वितरण, म्हणजे रक्ताबरोबर अंगभर पसरणं. तिसरा चयापचय, म्हणजे मुख्यतः यकृतात औषधाचं रूप बदलणं. चौथा उत्सर्जन, म्हणजे लघवी, शौच, थोडंफार घाम आणि श्वास यांतून बाहेर पडणं.

एक गैरसमज इथंच दूर करू. औषधाला दुखरी जागा "सापडत" नाही. डोकं दुखतं म्हणून घेतलेली गोळी पायाच्या अंगठ्यापर्यंतही जाते. जिथं तिचं काम असतं तिथं परिणाम दिसतो, एवढंच. शरीराच्या दृष्टीने औषध हा पाहुणाच. त्याचा पाहुणचार होतो आणि पाठवणीही होते.

आता जंताच्या गोळीकडे वळू. अल्बेन्डाझोल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे त्याचा अगदी थोडा भाग, पाच टक्क्यांहूनही कमी, रक्तात उतरतो. बाकीचं आतड्यातच राहतं. जंतही तिथंच असतात! म्हणजे कमी शोषण हा इथं दोष नाही, सोयच आहे. जे थोडं रक्तात जातं त्याचं यकृत दुसऱ्या एका पदार्थात रूपांतर करतं आणि तो मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडतो.

मात्र हेच औषध मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या गाठींसाठीही वापरतात. तिथं ते रक्तात उतरायलाच हवं. मग डॉक्टर सांगतात, "तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्या." स्निग्ध जेवणाने त्याचं शोषण कितीतरी पटीने वाढतं. औषध एकच, पण जेवणाचा नियम आजारानुसार बदलला. "जेवणाआधी", "जेवणानंतर" हे शब्द चिठ्ठीवर उगाच लिहिलेले नसतात, ते असे.

यकृत: वाटेवरचा पहिला नाका

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. एका मोठ्या शिरेतून ते आधी यकृतात येतं. शेतातून निघालेला माल जसा आधी मोंढ्यात उतरतो, तिथं काटा होतो, चाळण होते आणि मगच पुढे जातो, तसंच. मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं आणि गिळलेल्या बहुतेक औषधांना या नाक्यावर थांबावंच लागतं. काही औषधांचा मोठा हिस्सा इथंच बाद होतो. म्हणून काही औषधं जिभेखाली ठेवायला देतात किंवा सुईने देतात, म्हणजे हा पहिला नाका चुकतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी हे त्याचंच उदाहरण. ती गिळली तर तिचा बराच भाग यकृतातच संपतो.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे हळद. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीचा पिवळेपणा ज्यातून येतो त्या कर्क्युमिनवर जगभर संशोधन चालू आहे. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर त्याचे चांगले परिणाम दिसतात. मग हळद खाऊन सगळे आजार बरे का होत नाहीत? कारण कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगोलग दुसरे रेणू जोडून बाहेर काढतात. रक्तात टिकतं ते नाममात्र.

१९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतलं पायपेरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर कर्क्युमिन रक्तात जाण्याचं प्रमाण सुमारे २००० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. पायपेरिन यकृताच्या आणि आतड्याच्या या कामात अडथळा आणतं, हे त्यामागचं एक कारण.

हे वाचून कुणी लगेच हळद-मिरीच्या कॅप्सूल मागवू नका. नाक्यावरचा कर्मचारी गाफील झाला की फक्त हळदच आत जाते असं नाही. सोबत चालू असलेलं दुसरं औषधही जास्त प्रमाणात रक्तात राहू शकतं. शिवाय अशा तीव्र कॅप्सूल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भाजीतली हळद-मिरी वेगळी आणि कॅप्सूलमधली वेगळी. रोज गोळ्या घेणाऱ्याने असं काही सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

तेलकट भांडं आणि साबण

यकृत नेमकं करतं काय, हे मुलांना सांगायला तेलाची कढई बरी पडते. तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी काथ्याने घासावं लागतं, मग साबण लावावा लागतो, तेव्हा कुठं तेल पाण्याबरोबर जातं.

बरीचशी औषधं अशीच तेलात विरघळणारी असतात. पेशींच्या पडद्यातून आत शिरायला ते बरंच असतं, पण लघवी म्हणजे तर पाणी! तेलकट औषध लघवीत जायला तयार नसतं. म्हणून यकृतातील विकर दोन पायऱ्यांत काम करतात. पहिल्या पायरीत औषधाच्या रेणूत थोडा बदल करतात, बहुधा ऑक्सिजनच्या मदतीने. हे झालं घासणं. दुसऱ्या पायरीत त्याला पाण्यात सहज विरघळणारा एखादा रेणू जोडतात. हा झाला साबण. काही औषधांना दोन्ही पायऱ्या लागतात, काहींना एकच पुरते, काही तर जशीच्या तशी निघून जातात.

पॅरासिटामॉल: ओळखीचं, म्हणूनच जपायचं

ताप आला की घराघरात पॅरासिटामॉल निघतं. योग्य मात्रेत हे सुरक्षित औषध आहे. त्याचा बहुतेक भाग यकृत थेट "साबण लावून" लघवीत सोडून देतं. पण थोडासा भाग, साधारण पाच ते दहा टक्के, पहिल्या पायरीतून जातो आणि त्यापासून एक विषारी पदार्थ तयार होतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. तो या विषाला तिथल्या तिथं निष्प्रभ करतो. रोजच्या मात्रेत हिशोब बरोबर जुळतो.

मात्रा फार झाली की साबण कमी पडतो, जास्त औषध विषाच्या वाटेला जातं आणि ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग ते विष यकृताच्या पेशींनाच मारतं. घाबरवणारी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही. थोडी मळमळ, उलटी, बस. यकृताचं नुकसान दोन-तीन दिवसांनी उघड होतं. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो शरीराला नवं ग्लुटाथायोन बनवायला मदत करतो, पण पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला. म्हणून लेकराने जास्त औषध प्यायल्याचं कळलं, तर "बरं दिसतंय, बघू उद्या" असं करू नका. बाटली हातात घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

मात्रा चुकते कशी? हे गणित बघा. मुलांसाठी एका वेळची मात्रा साधारण प्रतिकिलो १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम. आता बाजारात दोन ताकदींची सिरप मिळतात:

- ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असेल, तर १८० मिलिग्रॅमसाठी ७.५ मिली लागतं.
- ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असेल, तर १८० मिलिग्रॅमसाठी सुमारे ३.६ मिलीच पुरतं.

गेल्या वेळी साडेसात मिली दिलं होतं म्हणून यंदा दुसऱ्या बाटलीतून तेवढंच दिलं, तर पोटात ३७५ मिलिग्रॅम गेलं. दुपटीहून जास्त! त्यातच लहान बाळांचे थेंब आणखी तीव्र असतात. बऱ्याच बाटल्यांवर १ मिलीत १०० मिलिग्रॅम लिहिलेलं दिसेल. सर्दीच्या सिरपमध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, म्हणजे तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं दिलं तरी एकच औषध दोनदा जातं. घरातला चमचा हे तर मापच नव्हे. बाटलीसोबत येणारं टोपण किंवा सिरिंज वापरा. आणि मात्रा ठरवायची ती डॉक्टरांनी. वरचं गणित बाटली वाचायला शिकण्यासाठी आहे.

किडनी: दिवसाला १८० लिटरची गाळणी

आपल्या दोन मूत्रपिंडांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. पाण्यात विरघळणारी औषधं याच वाटेने जातात.

मुलांना सांगायला एक खरी गोष्ट. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसावर पेनिसिलिनचा पहिल्यांदाच उपचार चालू होता. औषध इतकं थोडं होतं की डॉक्टर त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच देत होते! पेनिसिलिन बऱ्याच प्रमाणात न बदलता लघवीतून बाहेर पडतं, म्हणून हे जमलं. दुर्दैवाने साठा संपला आणि तो वाचू शकला नाही, पण औषधाने काम केलं हे सिद्ध झालं.

उत्सर्जन डोळ्यांनीही दिसतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर लघवी गडद पिवळी होते, ते जास्तीचं जीवनसत्त्व बी-२ असतं. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिननंतर लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. हे आधी सांगितलं नाही तर घाबरून माणूस गोळ्या बंद करतो आणि अर्धवट उपचारात क्षय बळावतो. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी उपचार चालू असतील, तर एवढं एक वाक्य पालकांपर्यंत पोचवणं हेही मोठं काम आहे.

आता उन्हाळ्याचं. मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर राबून, पाणी कमी पिऊन अंग दुखतं, मग दुकानातून अंगदुखीची गोळी आणली जाते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करू शकतात. शरीरात पाणी कमी असताना किडनी एका खास रसायनाच्या मदतीने आपल्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवते, आणि नेमकं तेच रसायन या गोळ्या बनू देत नाहीत. कधीमधी, पाणी भरपूर पिऊन, डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी वेगळी. रोजच्या रोज, उपाशीपोटी, उन्हात घेतलेली गोळी वेगळी. ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्या पालकांना हे जरूर सांगा.

अर्धायुकाल: वर्गात करून बघा

रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. पॅरासिटामॉलचा साधारण दोन ते तीन तास. हिशोबासाठी दोन धरू आणि ५०० मिलिग्रॅम एकदमच रक्तात उतरलं असं समजू. सकाळी ८ ला ५००, १० ला २५०, १२ ला १२५, २ ला ६२.५, ४ ला ३१ च्या आसपास. पाच अर्धायुकालांत जेमतेम तीन टक्के उरतं.

प्रयोग सोपा आहे. एका पेल्यात पाणी घेऊन शाईचे काही थेंब टाका. अर्धं पाणी ओतून द्या, तेवढंच साधं पाणी भरा, ढवळा. असं पाच वेळा करा आणि प्रत्येक वेळचा थोडा नमुना बाजूला ठेवा. रंग कसा फिका होतो ते ओळीने दिसतं. मग अर्धा पेलाच ओतून पुन्हा शाई टाका, म्हणजे वेळेआधी दुसरा डोस घेतला की औषध कसं साचतं, हेही कळतं. "सहा तासांनी घ्या" याचा अर्थ तेव्हा पोरांना आपोआप उमगतो.

सगळ्या औषधांचा अर्धायुकाल सारखा नसतो. ॲझिथ्रोमायसिनचा जवळपास ६८ तास आहे, म्हणून ते तीनच दिवस देऊनही पुढे काही दिवस शरीरात काम करत राहतं.

दारूचं मात्र असं अर्धं-अर्धं होत नाही. यकृत तासाला ठरावीकच, साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क जाळतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे तो निघायला सहा ते साडेआठ तास लागतात. ताक, लिंबू, डोक्यावर गार पाणी, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री उशिरा प्यायलेला माणूस पहाटे गाडी चालवायला निघतो तेव्हा अजून उतरलेली नसते, हे आठवी-नववीच्या मुलांना या गणितातून छान समजतं.

प्रत्येकाचा कारखाना वेगळा

नवजात बाळाच्या यकृतातले काही विकर अजून पुरते तयार झालेले नसतात. १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली काही नवजात बाळं राखाडी पडून दगावली. त्यांचं यकृत ते औषध बाहेर काढू शकत नव्हतं. तेव्हापासून जगाने धडा घेतला: लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी मोडून लेकराला देणं हा उपाय नाही.

वय वाढलं की किडनीची गाळण्याची ताकद कमी होते. आजोबांना कमी मात्रा लिहिली तर डॉक्टर चुकले असं समजू नका.

शिवाय काही फरक जन्मजात असतात. क्षयावरचं आयसोनियाझिड काही लोकांचं यकृत भराभर बदलतं, काहींचं सावकाश. सावकाश असणाऱ्यांत औषध साचून हातापायाला मुंग्या येण्याची शक्यता जास्त. म्हणून सोबत जीवनसत्त्व बी-६ देतात. शेजाऱ्याला मानवलेलं औषध आपल्यालाही मानवेलच, असं का नाही, त्याचं हे एक उत्तर.

यकृतच विष बनवतं तेव्हा

"यकृत विष उतरवतं" हे अर्धसत्य आहे. काही वेळा निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीपासून यकृतच घातक पदार्थ बनवतं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. त्यात १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि १९८८ मध्ये अहवाल दिला. हे रसायन चवीला गोड असतं. यकृतात त्यापासून जे आम्ल तयार होतं ते किडनीच्या पेशी मारतं आणि लघवी बंद होते.

जवळपास ४० वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमध्ये हेच रसायन सापडलं. वीसहून अधिक लेकरं गेली. त्यातली कित्येक नागपूरला उपचारासाठी आणली होती. बाटलीत भेसळ आहे हे आईबापाला कळण्याचा मार्ग नाही, तो दोष त्यांचा नाही. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरप देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असं केंद्राच्या आरोग्य विभागाने सांगितलं आहे, ते पाळणं. आणि औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर एक क्षण न दवडता मोठं रुग्णालय गाठणं.

पालकसभेत सांगण्यासारखं

- औषधाची ताकद मिलिग्रॅममध्ये वाचा, नुसतं मिली लक्षात ठेवू नका.
- दोन औषधं सोबत देताना दोन्हींवरची नावं पडताळा.
- डोस विसरला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्ण, कॅप्सूल डॉक्टरांना सांगा. शरीराला सगळ्यांचाच निचरा करायचा असतो.
- जंतनाशक दिनी मूल आजारी असेल किंवा त्याचं दुसरं औषध चालू असेल, तर त्या दिवशी गोळी देऊ नका. बरं झाल्यावर आरोग्य सेविकेला विचारून द्या.
- औषधांची पिशवी पोरांचा हात पुरणार नाही अशा जागी ठेवा.

आता त्या लेकराच्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येईल. "बाळा, गोळी जंत शोधत नाही. ती आतड्यात राहते म्हणून तिथल्या जंतांना लागते, आणि जी थोडी रक्तात जाते तिला यकृत आणि आतडं बाहेरची वाट दाखवतात." आणि तेवढ्यावर न थांबता पुढच्या तासाला शाईचा पेला घेऊन वर्गात जा. पोरं घरी जाऊन आई-आजीला सांगतील, आणि हा पाठ खरा तिथंच पोचायला हवा.